फाइल कुणाची, राज्य कुणाचं?

दोस्तहो,

अंक उशिरा निघतोय. कागदाची उधारी आहेच, ती नेहमीचीच. पण या वेळचं कारण वेगळं आहे आणि ते लपवायचं नाही असं ठरवलंय.

पावसाळ्याच्या तोंडाला एक माणूस आमच्या खोलीवर आला. मी रात्रपाळी करून नुकताच अंग टाकलं होतं. साधा शर्ट, साधी पँट, हातात छोटी वही. आईनं चहा टाकला. आपल्याकडं आलेल्याला चहा द्यायचा, तो कोण हे नंतर. त्यानं विचारलं, मासिक तुम्हीच काढता ना? पैसा कुठनं येतो? लिहितं कोण कोण? बाहेरगावचं कोण येतं? मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं होतं काय? गोदीतल्या मजुरीतून उरलेले पैसे आणि छापखानेवाल्याची मेहरबानी. तो वहीत लिहीत होता. आई म्हणाली, "बाबा, लिवतोस ते खरं लिव."

तो उठला, चपला घातल्या आणि जाता जाता हळूच म्हणाला, "तसं आम्हाला सगळं कळतं. तुमच्यातलाच एक जण सांगतो."

बस्स. एवढं एकच वाक्य. आम्ही सात जण. आठ दिवसांत सातांचे सात एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागलो. एका दोस्तानं नवा फोन घेतला होता. म्हणलं, पैसा आला कुठनं? कुणी तोंडावर बोललं नाही, पण अभ्यासवर्गात त्याच्या शेजारी बसणं बंद झालं. त्यानं येणं बंद केलं. दोन महिन्यांनी कळलं, फोन हप्त्यावर होता आणि तीन हप्ते थकलेत. आम्ही साले क्रांतीच्या कविता लिहिणारे, आणि आपल्याच भावाला खबऱ्या ठरवून मोकळे झालो. या अंकाचं संपादकीय म्हणजे आधी त्याची माफी आहे. बाकीचं नंतर.

पण बाकीचंही बोलायला पाहिजे. कारण मी मग शोधायला लागलो, की हे वाक्य, "तुमच्यातलाच एक जण सांगतो", हे त्या वहीवाल्याच्या डोक्यातून आलं की कुठून आलं? मी दहावी पास. इंग्रजी वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं. तरी वाचलं. आणि जे सापडलं ते सगळ्यांनी वाचावं म्हणून मांडतो.

गोदीत एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकायला मिळते. साहेब बदलतो, मुकादम राहतो. नवा साहेब येतो, त्याला ना माणसं ठाऊक ना माल. तो मुकादमाला विचारतो, कामाचा कोण, कामचुकार कोण, युनियनवाला कोण? मुकादम सांगेल तेच साहेबाचं ज्ञान. आणि मुकादमाला साहेबाचंही सगळं ठाऊक असतं, कुठल्या पेटीतून काय गेलं, कुणाच्या सहीनं गेलं. म्हणून साहेब त्याला हात लावत नाही. सही साहेबाची, राज्य मुकादमाचं.

आता हेच जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीवाल्या म्हणवणाऱ्या देशात बघा.

जे. एडगर हूवर. जन्म १८९५, वॉशिंग्टन. तरुणपणी तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात नोकरीला होता. कार्डं कशी लावायची, हवं ते नाव चिमटीत कसं धरायचं, ते तिथं शिकला. १९२४ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, तो तपास खात्याचा प्रमुख झाला. ते खातं म्हणजेच पुढची एफबीआय. आणि मरेपर्यंत, म्हणजे २ मे १९७२ पर्यंत, त्या खुर्चीत बसून राहिला. ४८ वर्षं! कूलिज ते निक्सन, आठ राष्ट्राध्यक्ष त्याच्या डोळ्यांदेखत गेले. आठांना लोकांनी मतं दिली. हूवरला कुणी मत दिलं? कुणीच नाही.

ट्रूमन त्याला घाबरून होता. १९४५ मध्ये त्यानं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं, की आपल्याला हिटलरछाप गुप्त पोलीस नकोत आणि हे खातं त्याच वाटेनं चाललंय. लिहिलं. पण काढलं नाही. केनेडीच्या भानगडी हूवरला ठाऊक होत्या. १९६२ च्या मार्चमध्ये केनेडीबरोबर जेवायला बसण्याआधी त्याच्यासाठी जी टिपणं तयार झाली, त्यात एका बाईचं नाव होतं. ती बाई राष्ट्राध्यक्षाच्याही ओळखीची आणि माफियावाल्यांच्याही. यापुढं धमकी द्यायला लागते काय? १९६५ च्या पहिल्या तारखेला हूवर सत्तर वर्षांचा होणार, कायद्यानं घरी जाणार. तर १९६४ सालीच जॉन्सननं हुकूम काढला, की यांना वयाची अट नाही. १९७१ मध्ये निक्सनच्या मनात त्याला काढायचं आलं, पण धजावला नाही. फौजफाटा, अणुबाँब सगळं ज्याच्या हातात, तो माणूस एका म्हाताऱ्या हपिसराच्या कपाटाला घाबरला.

कपाटच ते. काही फायली खात्याच्या साठ्यात न ठेवता हूवरच्या स्वतःच्या कचेरीत ठेवलेल्या असत. तो मेल्यावर त्याच्या सेक्रेटरीनं, हेलन गँडी हिनं, त्याच्या खासगी म्हणवल्या जाणाऱ्या फायली नष्ट केल्या. त्यात काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. सरकारी इतमाम एवढा, की त्याचं प्रेत तिथल्या संसदेच्या घुमटाखाली दर्शनाला ठेवलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बिचारे राष्ट्राध्यक्ष! नाही दोस्तहो. इथंच फसायचं नाही. वर्तमानपत्रं अशी गोष्ट सांगतात, की एक दुष्ट मुकादम होता आणि साहेब लोक बिचारे भोळे. साहेब कधी भोळा नसतो. मुकादम टिकतो, कारण साहेबाला तो पाहिजे असतो. जे काम साहेबाला सही करून करवत नाही, ते तो मुकादमाकडून तोंडी करून घेतो.

१९३६ साली रूझवेल्टनं हूवरला बोलावून तोंडी सांगितलं, कम्युनिस्टांवर आणि फॅसिस्टांवर नजर ठेव. त्या तोंडी शब्दावर हूवरनं पुढचा सगळा इमला चढवला. १९६३ च्या ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंगच्या टेलिफोनला तार जोडायची परवानगी कुणी दिली? केनेडीचा सख्खा भाऊ रॉबर्ट, तेव्हाचा ॲटर्नी जनरल, त्याच्या सहीनं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये जॉन्सनच्या पक्षाचं अधिवेशन होतं अटलांटिक सिटीला. मिसिसिपीतले काळे लोक तिथं आपला हक्क मागायला आले. त्यांच्या खोल्यांत काय चाललंय याच्या खबरा एफबीआयची तुकडी जॉन्सनच्या माणसांना पुरवत होती. म्हणजे निवडून आलेला आणि न आलेला, दोघांचं साटंलोटं. साहेबाला खबर पाहिजे, मुकादमाला खुर्ची पाहिजे. भांडण झालं तरी ते वाटणीचं.

मग या साटंलोट्याची किंमत मोजली कुणी?

राष्ट्राध्यक्षांना फक्त टिपणं दाखवली गेली. किंगला १९६४ च्या नोव्हेंबरात एक निनावी पाकीट गेलं. त्यात चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाची टेप, आणि एक पत्र. पत्राचा रोख असा, की तुला आता एकच मार्ग उरलाय, ३४ दिवसांत तो धर. म्हणजे जीव दे. पुढच्याच महिन्यात त्याला नोबेल मिळायचं होतं. ते पत्र एफबीआयनं लिहिलेलं होतं. लोकांच्या पैशानं, लोकांच्या टपालातून.

आणि ब्लॅक पँथर्सच्या वाट्याला काय आलं? ते नाव आपल्याला परकं नाही. १९७२ साली, हूवर मेला त्याच वर्षी, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या पोरांनी दलित पँथर उभी केली, ती त्यांच्याच नावावरून. आपण त्यांचा आवेश घेतला. त्यांना मारलं कसं हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट वाचलं. मीही वाचलं नव्हतं.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये हूवरच्या खात्यानं काळ्यांच्या संघटनांविरुद्ध एक गुप्त मोहीम उघडली. मोहिमेचं नाव कॉइंटेलप्रो. हुकूम साधा होता: यांना फोडा, बदनाम करा, आपसांत लढवा. १९६८ च्या मार्चमधल्या हुकमात तर स्पष्टच होतं, की काळ्या जनतेला एकत्र करणारा मसीहा उभा राहू द्यायचा नाही. निनावी पत्रं लिहिली गेली. एका संघटनेला दुसरीच्या नावानं शिव्या. नवऱ्याला बायकोच्या नावानं चिठ्ठी. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात विषारी हत्यार म्हणजे चांगल्या, निष्ठावान कार्यकर्त्याबद्दल कुजबुज सोडून द्यायची, की तो पोलिसांचा खबऱ्या आहे. पुढचं काम संघटना स्वतःच करते.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. माझ्यापुढं आमचा तो हप्तेवाला दोस्त उभा राहिला. आमच्याकडं कुणी हूवर नव्हता. एक चहा पिऊन गेलेला माणूस होता, त्याचं एक वाक्य होतं. तेवढ्यात काम झालं.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त दुखते. खबरे खरेही असतात. फ्रेड हॅम्प्टन, वय २१, शिकागोतला पँथर. हा पोरगा पोरांना सकाळचा नाश्ता देण्याचं काम चालवत होता. पोर्तो रिकोच्या पोरांना, गरीब गोऱ्या पोरांना, सगळ्यांना एका मांडवाखाली आणत होता. तेच जड गेलं. त्याच्या संरक्षणाची जबाबदारी ज्याच्याकडं, तो विल्यम ओनील एफबीआयच्या पगारावर होता. घराचा नकाशा, पलंग कुठल्या भिंतीला, सगळं त्यानं पुरवलं. ४ डिसेंबर १९६९, पहाटे पोलीस घुसले. ८० च्या वर गोळ्या पोलिसांच्या, पँथर्सची फार तर एक. हॅम्प्टन बिछान्यातच. मार्क क्लार्क, वय २२, तोही गेला. नंतर ओनीलला बक्षीस मिळालं ३०० डॉलर. १९८२ साली सरकारांनी मिळून तडजोडीत १८ लाख ५० हजार डॉलर मोजले. त्या पैशातून हॅम्प्टन काही परत येत नाही.

म्हणून म्हणतो, हेरखात्याचा प्रमुख मोठा की निवडून आलेला नेता मोठा, ही चर्चा दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये बसणाऱ्याला खुर्चीची वाटते. तळातल्याला ती बिछान्याची असते. वर कुणीही जिंको, दार आपलं फुटतं.

मग हे थांबलं कसं? कुठल्या राष्ट्राध्यक्षानं थांबवलं नाही. ८ मार्च १९७१ च्या रात्री अली आणि फ्रेझियर यांची मुष्टियुद्धाची लढत होती, सगळा देश तिकडं कान लावून. त्या रात्री आठ साध्या नागरिकांनी पेनसिल्व्हानियातल्या मीडिया नावाच्या गावातलं एफबीआयचं हपिस फोडलं. त्यात विल्यम डेव्हिडन हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, जॉन आणि बॉनी रेन्स हे तीन पोरांचे आईबाप होते. त्यांनी फायली उचलल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवून दिल्या. कॉइंटेलप्रो हा शब्द जगाला पहिल्यांदा त्या कागदांतून कळला. हूवरला मोहीम आवरती घ्यावी लागली. आठातला एकही सापडला नाही. २०१४ साली त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच नावं सांगितली.

त्यानंतर संसद जागी झाली. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्चच्या समितीनं सगळं उघड्यावर आणलं. १९७६ मध्ये एफबीआयच्या प्रमुखाला दहा वर्षांची मुदत बांधली. हेरखात्यांवर सिनेटची कायमची समिती बसली. १९७८ मध्ये देशात परक्यांच्या हेरांवर पाळत ठेवायलाही कोर्टाचा हुकूम घ्यावा, असा कायदा आला. सगळं बरं झालं असं नाही. २०१३ साली एडवर्ड स्नोडेननं दाखवलं, की तेच कोर्ट बंद दाराआड माना डोलावत होतं. आणि २०१७ साली ट्रम्पनं एफबीआयप्रमुख कोमीला दहा वर्षांची मुदत असताना मधेच हाकललं. म्हणजे मुकादम डोईजड झाला तरी मार आपल्याला, आणि साहेबानं मुकादमाला खिशात घातलं तरी मार आपल्यालाच. प्रश्न दोघांत मोठा कोण हा नाही. दोघांच्या वर कायदा आहे का, आणि कायद्याच्या मागं जनता आहे का, हा आहे.

आता आपल्या घरात बघू.

आपल्या इंटेलिजन्स ब्युरोचं मूळ १८८७ सालचं. गोऱ्या साहेबानं काढलेलं खातं. रॉ निघाली १९६८ साली. या दोन्ही खात्यांना संसदेनं केलेला स्वतःचा कायदा नाही. म्युनिसिपालटीला कायदा आहे, कुत्र्याच्या बिल्ल्याला नियम आहे. पण माणसाच्या मागावर माणूस सोडणाऱ्या खात्याचे अधिकार काय, हद्द काय, हे सांगणारा कायदा संसदेनं केलेला नाही.

बाबासाहेबांना हा धोका कळत होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत केंद्राच्या यादीत गुप्तवार्ता आणि अन्वेषण खात्याची नोंद आली, तेव्हा सभासदांनी शंका काढल्या. बाबासाहेबांनी खुलासा केला, की या खात्यानं माहिती गोळा करायची. गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचं काम, ते या शब्दात येत नाही. म्हणजे कान दिले, हात दिले नाहीत. ही रेघ त्यांनी मारून ठेवली होती. पण संसदेनं या विषयावर कायदा करायचा असतो, म्हणून तर नोंद यादीत घालतात. तो कायदा पंच्याहत्तर वर्षं झाली तरी आला नाही.

आपल्याकडं हूवर झाला नाही. इथं खात्याचा प्रमुख पंतप्रधानाच्या डोक्यावर बसला नाही, पंतप्रधानाच्या दाराशी उभा राहिला. हे बरं असं वाटतं. पण दाराशी उभा असलेला राखणदार घरमालकाचा असतो, गावाचा नसतो. नेताजींच्या नातेवाइकांवर १९४८ ते १९६८, वीस वर्षं पाळत होती, हे २०१५ साली उघड झालं. आणीबाणीत या खात्याचा वापर कसा झाला ते शहा आयोगापुढं आलं. जनता सरकारनं एल. पी. सिंग समिती नेमली. कायदा झाला नाही. १९९१ च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन हवालदार नजर ठेवताना सापडले आणि चंद्रशेखरांचं सरकार गेलं. नेत्याच्या घराबाहेर दोन हवालदार दिसले तर सरकार पडतं. आमच्या वस्तीत वर्षभर उभे राहिले तर कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

२०११ साली मनीष तिवारी या खासदारानं खासगी विधेयक आणलं, की या खात्यांना कायद्यात बांधा. कायदा झाला नाही. माहितीचा अधिकार २००५ साली आला, त्याच्या कलम २४ नं ही खाती बाहेर ठेवली. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती तेवढी मागता येते. फोन ऐकायची परवानगी गृहसचिव देतो, न्यायाधीश नाही, आणि तपासणारी समितीही सचिवांचीच. १८८५ चा टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा आला, तरी ही चाल तीच. २०२१ मध्ये पेगॅससचं प्रकरण उघडलं. सुप्रीम कोर्टानं समिती नेमली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोर्टात सांगितलं गेलं, की २९ पैकी ५ फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठरवता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही. सुप्रीम कोर्टाला सहकार्य नाही, तिथं गोदीतल्या हमालाला कोण विचारतो?

आमच्या मागण्या साध्या आहेत. हेरखात्यांना संसदेचा कायदा पाहिजे. सर्व पक्षांच्या खासदारांची समिती पाहिजे, आणि तिला फाइल मागायचा अधिकार पाहिजे. फोन ऐकायला न्यायाधीशाची सही पाहिजे. आणि ठरावीक वर्षांनी फायली उघडल्या पाहिजेत, म्हणजे ज्याच्यावर लिहिलं त्याला किंवा त्याच्या पोराला ते वाचता येईल. देशाला शत्रू आहेत, हेर लागतात, हे आम्हाला कळतं. बंदरावर काम करणाऱ्याला २६ नोव्हेंबर २००८ सांगायची गरज नाही. समुद्राकडं बघा ना! वस्तीकडं काय बघता?

आणि मागणी आपल्या स्वतःकडंही आहे. हूवरनं पँथर्सना गोळ्यांनी मारलं त्याच्या कितीतरी आधी संशयानं मारायला घेतलं होतं. यावर एकच औषध मला दिसतं. उघडं राहायचं. म्हणून या अंकापासून शेवटच्या पानावर मासिकाचा हिशोब छापतोय, कागदाची उधारी धरून. अभ्यासवर्गाचं दार उघडं राहील. वहीवाल्यानं आत येऊन बसावं, त्यालाही चहा मिळेल, आणि बाबासाहेब वाचून झाले तर त्याचंही बरंच होईल. कुणाबद्दल शंका असेल तर ती त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर बोलायची. पाठीमागं कुजबुजणाऱ्याला आम्ही त्या खात्याचा बिनपगारी नोकर समजू. मी स्वतः दोन महिने तसा नोकर होतो.

परवा त्या दोस्ताच्या घरी गेलो. दारातच उभा होता. म्हणाला, "काय रे, चौकशीला आलास का?" मला मान वर करता आली नाही. त्याच्या आईनं आत बोलावलं, बसायला चटई टाकली. तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "बुधवारच्या वर्गाला किती वाजता?"

बुधवारी, रात्री नऊला. सगळ्यांनी यायचं.

जय भीम.